पवना-इंद्रायणीकाठचे पक्षी : नोंद कशासाठी आणि कशी ठेवावी

काही वर्षांपूर्वी एका प्रसिद्धीपत्रिकेसाठी प्रस्तुत लेखकाने पवना नदीचे एक छायाचित्र निवडले होते. पिंपरीच्या खालच्या अंगास, उथळ पात्रात, लांब तांबड्या पायांचे काळे-पांढरे पक्षी मोठ्या संख्येने उभे होते. कोवळे ऊन, पाण्यात पडलेली प्रतिबिंबे आणि मागे कारखान्यांच्या छपरांची रांग, असे ते दृश्य होते. छायाचित्राखाली ओळ दिली, ‘उद्योगनगरीत नदीचे वैभव परतले’. पत्रिका छापून झाली, वाटली गेली आणि पंधरा दिवसांनी एका निवृत्त प्राथमिक शिक्षकांचे पोस्टकार्ड आले. मजकूर चार ओळींचा होता. छायाचित्रातील पक्षी शेकाट्या आहेत, ते आले म्हणून नदी सुधारली असे होत नाही, ते ज्या गाळात उभे आहेत तो गाळ कशाचा आहे हे पाहावे, आणि याच ठिकाणी पूर्वी दिसणारा नदी सुरय या छायाचित्रात का नाही, याचाही विचार व्हावा, असे गुरुजींनी कळविले होते.

पोस्टकार्डाला उत्तर देण्यापूर्वी बरेच वाचावे लागले, नदीकाठी अनेकदा जावे लागले आणि अखेरीस गुरुजींचे म्हणणे शब्दशः मान्य करावे लागले. पक्षी दिसले की निसर्ग सुरक्षित आहे, अशी आपणा सर्वांची समजूत असते. अधिकारी, शिक्षक आणि पंचायत सदस्य यांनी ही समजूत तपासून घेणे अगत्याचे आहे. कारण नदी, तळे, माळ, टेकडी यांसंबंधीचे निर्णय त्यांच्याच हातून होत असतात. किती पक्षी दिसले, यापेक्षा कोणते दिसले आणि कोणते दिसेनासे झाले, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर नोंद असल्याशिवाय देता येत नाही.

सह्याद्री आणि माळ यांच्यामधील पट्टा

जगात पक्ष्यांच्या सुमारे ११,००० जाती आहेत. त्यांपैकी १,३००हून अधिक भारतात आणि ५५०हून अधिक महाराष्ट्रात नोंदविल्या गेल्या आहेत. या वैविध्याचा मोठा वाटा पुणे जिल्ह्याला मिळाला आहे, आणि त्याचे कारण भूगोलात आहे. लोणावळ्याच्या घाटमाथ्यावर पाऊस धो धो कोसळतो. तेथून पूर्वेस चाळीस-पन्नास किलोमीटर आले की चाकणच्या पठारावर बाभूळ, बोर आणि कुसळी गवत दिसू लागते. घाटातील ओढ्यावर शीळ घालणारा कस्तूर आणि माळावर धावणारा धाविक हे दोघे एकाच दिवसात पाहावयास मिळावेत, अशी ही भूमी आहे. पिंपरी-चिंचवड व चाकण यांचा औद्योगिक पट्टा नेमका या संक्रमणभूमीत वसला आहे.

या पट्ट्याची वाढ किती वेगाने झाली हे वाचकांस ठाऊक आहेच. पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना १९५४ साली स्थापन झाला. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले. १९७० साली पिंपरी, चिंचवड, आकुर्डी व भोसरी मिळून नगरपालिका झाली आणि १९८२ साली महानगरपालिका. पुढे कांद्याच्या बाजारासाठी आणि संग्रामदुर्गासाठी प्रसिद्ध असलेले चाकण मोटारउद्योगाचे केंद्र बनले. म्हाळुंगे, खराबवाडी, निघोजे, कुरुळी, सावरदरी, वराळे, भांबोली ही गावे कारखान्यांच्या पत्त्यांत आली. या वाढीने लाखो कुटुंबांना रोजगार दिला, हे निर्विवाद आहे. मात्र या पन्नास-साठ वर्षांत येथील पक्षिजीवनात काय पालट झाला, याची गाववार नोंद आपल्यापाशी जवळजवळ नाही. लोकसंख्या, पिके, पर्जन्यमान, गुरे यांची मोजदाद झाली. पक्षी मात्र मोजणीबाहेर राहिले.

एका नदीचे दोन भाग

पवना लोणावळ्याच्या दक्षिणेस सह्याद्रीत उगम पावते. धरणातून सोडलेले पाणी नदीच्या पात्रातूनच रावेतच्या बंधाऱ्यापर्यंत येते आणि तेथे शहराच्या पिण्यासाठी उचलले जाते. रावेतच्या खाली थेरगाव, चिंचवड, पिंपरी, कासारवाडी असा प्रवास करीत ती दापोडी येथे मुळेस मिळते. म्हणजे एकाच नदीचे दोन भाग एका बंधाऱ्याने पाडलेले आहेत. वरचा भाग आपण पिण्यासाठी जपतो. खालच्या भागात नाले येऊन मिळतात. पक्षिनिरीक्षण शिकू इच्छिणाऱ्यास याहून सोयीची शाळा मिळणार नाही. एके दिवशी सकाळी रावेतच्या वरच्या अंगास आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पिंपरीच्या खाली अर्धा तास उभे राहिले, तर धडा आपोआप समजतो.

वर नदी सुरय पाण्यावरून संथपणे उडत येतो, मान खाली घालून पात्र न्याहाळतो आणि एकदम सूर मारतो. कवड्या खंड्या जागच्या जागी पंख फडफडवीत हवेत थांबतो आणि मासा दिसताच दगडासारखा खाली पडतो. छोटा खंड्या काठच्या फांदीवर निश्चल बसून असतो. या तिघांचा उदरनिर्वाह वरून पाण्यात मासा दिसण्यावर अवलंबून आहे. पाणी गढूळ झाले तर मासा असूनही दिसत नाही. पाण्यातील विरघळलेला प्राणवायू घटला तर मासाच उरत नाही. दोन्ही प्रकारे या पक्ष्यांना ती जागा सोडावी लागते. ते जातात तेव्हा कोणताही आवाज होत नाही, कोणी निवेदन देत नाही आणि वृत्तपत्रात दोन ओळीही येत नाहीत.

खालच्या भागात सांडपाण्याने आणलेला सेंद्रिय गाळ साचतो. तो कुजताना जिवाणू पाण्यातील प्राणवायू खर्च करतात. अशा पाण्यात बहुतेक जलचर तग धरू शकत नाहीत. परंतु डासांसारख्या दिसणाऱ्या, न चावणाऱ्या काही माश्यांच्या तांबड्या अळ्या तेथे कोट्यवधींनी वाढतात. त्यांचा रंग तांबडा असतो तो आपल्या रक्तात असणाऱ्या हिमोग्लोबिनसारख्याच द्रव्यामुळे. त्याच्या साहाय्याने अल्प प्राणवायूवरही त्या जगतात. शेकाट्यांना ही मेजवानीच होय. लांब पायांमुळे शेकाट्या गाळात खोलवर जाऊ शकतो आणि सुईसारख्या चोचीने अळ्या टिपतो. धोबी, तुतवार आणि काही बगळेही याच अन्नावर येतात. छायाचित्रातील ‘वैभव’ हे असे होते.

इंग्लंडमधील कोळशाच्या खाणींत विषारी वायूची सूचना मिळावी म्हणून पिंजऱ्यातील कॅनरी पक्षी खाली नेत असत. ही प्रथा १९८६ सालापर्यंत चालू होती. पक्षी मलूल झाला की माणसे बाहेर पडत. पक्षी म्हणजे धोक्याची घंटा, ही कल्पना तेथूनच रूढ झाली असावी. आपल्या नद्यांवर मात्र ही घंटा पुष्कळदा उलटी वाजते. धोका वाढतो तेव्हा काही पक्षी वाढतात, आणि पाहणारा समाधान पावतो. येथे शेकाट्याचा दोष काहीच नाही, हेही नमूद केले पाहिजे. स्वच्छ उथळ तळ्यांवर आणि मिठागरांवरही तो सुखाने राहतो. तो एकटा दिसला तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. तो शेकड्यांनी दिसू लागला आणि सुरय व कवड्या खंड्या दिसेनासे झाले, तर मात्र बरेच काही सिद्ध होते.

आपल्या अंगणातील पांढऱ्या छातीचा खंड्या या बाबतीत फसवा आहे. निळ्या पंखांचा, तपकिरी डोक्याचा हा सुंदर पक्षी विजेच्या तारेवर बसलेला सर्वांनी पाहिलेला असतो, आणि ‘आमच्या नाल्यावरसुद्धा खंड्या आहे’ असे अभिमानाने सांगितले जाते. परंतु तो नाकतोडे, सरडे, बेडूक यांवरही गुजराण करतो. नदी नसली तरी त्याचे अडत नाही. नोंदीत नुसते ‘खंड्या’ असे लिहिणे म्हणूनच अपुरे ठरते. कोणता खंड्या, हे लिहावयास हवे.

जलपर्णी आणि दगडी काठ

सांडपाण्यातील नत्र व स्फुरद यांवर जलपर्णी माजते. पवना आणि इंद्रायणी या दोन्ही नद्यांवर दरवर्षी हे हिरवे आच्छादन पसरते आणि ते काढण्यासाठी दरवर्षी खर्च होतो. जलपर्णीवर वंचक बगळा आणि पाणकोंबडी सहज चालतात. बुडी मारून मासे धरणारी टिबुकली आणि पाणकावळा यांना मात्र मोकळे पाणी लागते. पुन्हा तोच प्रकार. काही पक्षी वाढतात, काही जातात आणि एकूण संख्या सारखीच राहते.

मोकळे पाणी लागणाऱ्यांत एक वारकरी आहे. काळा देह आणि कपाळावर पांढरा टिळा असलेल्या एका पाणपक्ष्याला मराठीत ‘वारकरी’ असेच नाव आहे. काही भागांत त्याला ‘चांदवा’ म्हणतात. आपल्याकडील तळ्यांवर हिवाळ्यात त्याची संख्या वाढते. आळंदीस कार्तिक वद्यात भाविकांचा मेळा भरतो, साधारण त्याच सुमारास हे वारकरीही थव्यांनी येऊ लागतात. ज्या पूर्वजांनी हे नाव दिले त्यांचे निरीक्षण आणि विनोदबुद्धी, दोन्ही दाद देण्याजोगी आहेत. गेल्या काही वर्षांत आळंदीजवळ इंद्रायणीच्या पात्रात फेस आल्याच्या बातम्या वारंवार प्रसिद्ध झाल्या. पायी आलेल्या वारकऱ्यांसाठी तो चिंतेचा विषय ठरला आणि ते योग्यच आहे. उडत आलेल्या वारकऱ्यांचे काय झाले, हे सांगण्यास कोणापाशी आकडा नाही.

नदीकाठाबद्दलही थोडे सांगणे आवश्यक आहे. खंड्या आणि वेडा राघू हे पक्षी झाडावर घरटे बांधत नाहीत. ते मातीच्या उभ्या दरडीत बीळ कोरून अंडी घालतात. दरड ढासळलेली, ओबडधोबड दिसते, म्हणून आपण तिला दगडाची फरसबंदी किंवा काँक्रीटची भिंत घालतो. भिंत नीटनेटकी दिसते, पण तिच्यात बीळ कोरता येत नाही. पवना, इंद्रायणी व मुळा या तिन्ही नद्यांसाठी नदीकाठ सुधारणेच्या योजना आखण्यात आल्या आहेत. पूरनियंत्रण आणि नागरिकांची सोय यांचा विचार त्यांत होणारच. त्याबरोबर काठाचे काही टप्पे मातीचे आणि झुडुपांचे राखता येतील काय, हा प्रश्न आराखड्याच्या वेळीच विचारला गेला तर त्यास फारसा खर्च पडत नाही. बांधकाम झाल्यावर तो विचारण्यात अर्थ उरत नाही. कोणता टप्पा राखावा हे ठरविण्यासाठी घरट्यांची बिळे कोठे आहेत ते ठाऊक असले पाहिजे.

पवनेचे पाणी मुळेत, मुळा-मुठेतून भीमेत. इंद्रायणीचे पाणी तुळापूरला भीमेत. आणि भीमेचे पाणी उजनीच्या जलाशयात जाते. १९८० साली पूर्ण झालेल्या या धरणाच्या फुगवट्यावर भिगवण येथे रोहित पक्षी पाहण्यासाठी दूरदूरचे पर्यटक येतात. तेथे हिवाळ्यात उतरणारे पट्टकदंब हंस तिबेट-मंगोलियाकडून हिमालय ओलांडून येतात. म्हणजे चिंचवडच्या नाल्यात काय सोडले जाते, याचा संबंध मध्य आशियातील पक्ष्याच्या हिवाळी मुक्कामाशी येऊन पोहोचतो.

माळ म्हणजे पडीक जमीन नव्हे

नदीच्या प्रदूषणाविषयी निदान बोलले जाते. माळाविषयी कोणी बोलत नाही. चाकण-तळेगावच्या पठारावरील गवताळ माळ महसुली भाषेत बहुधा ‘पडीक’ ठरतात. पडीक म्हटले की दोनच उपाय सुचतात : तेथे काहीतरी बांधणे किंवा तेथे झाडे लावणे. बांधकामाचे परिणाम उघड आहेत. झाडे लावण्यात मात्र काही चुकत असेल, अशी शंकाही कोणाच्या मनात येत नाही.

डोंबारी नावाचा चिमुकला चंडोल आकाशात सरळ वर चढतो, पंख मिटून खाली कोसळतो आणि पुन्हा वर जातो. या कसरतीवरूनच त्याला हे नाव मिळाले. माळटिटवी उघड्या जमिनीवर खड्यांमध्ये अंडी घालते. ती खड्यांसारखीच दिसतात म्हणून वाचतात. धाविक आखूड गवतात धावतो, थांबतो, पुन्हा धावतो. हिवाळ्यात मध्य आशियातून येणारे भोवत्या जातीचे शिकारी पक्षी गवतावरून हातभर उंचीने तरंगत टोळ व उंदीर शोधतात आणि रात्री जमिनीवरच मुक्काम करतात. या सर्वांना चारी बाजूंस दूरवर मोकळी नजर लागते. अशा ठिकाणी गिरिपुष्पाची दाट लागवड केली की कावळ्यांना टेहळणीची जागा मिळते, गवत सावलीत मरते आणि जमिनीवरची अंडी सुरक्षित राहत नाहीत. पुणे परिसरातील अनेक टेकड्यांवर गिरिपुष्पाची लागवड झालेली आहे. त्यामागील हेतूबद्दल शंका नाही. पण हेतू चांगला असल्याने डोंबाऱ्यास घरटे मिळत नाही. वृक्षारोपणासाठी गावात रस्त्यांच्या कडा, ओढ्याकाठ, शाळांची आवारे पुष्कळ आहेत. गायरानातील जिवंत गवताचा तुकडा मात्र गवतासाठीच राहू द्यावा, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे. गुराख्यांचे मतही याहून वेगळे असण्याचे कारण नाही.

उघड्यावरील कचऱ्यावर घारी आणि कावळे, उंच इमारतींच्या सज्जांवर पारवे, असे दृश्य या पट्ट्यात सर्वत्र दिसते. यांनाही ‘पक्षी वाढले’ या सदरात घालण्याचा मोह आवरला पाहिजे. शिवाय लोहगावचा विमानतळ जवळ आहे. विमानतळापासून दहा किलोमीटरच्या आत उघड्यावर घाण व कचरा टाकून पक्ष्यांना आकर्षित करण्यास विमान नियमांनुसार मनाई आहे, याची आठवण संबंधित स्थानिक संस्थांनी ठेवणे इष्ट ठरेल.

मोजणीची जुनी परंपरा

पक्षी मोजणे हे शासकीय कामकाजाशी विसंगत नाही. कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांची १८२४ साली मुंबई सरकारने सांख्यिकी वृत्त अधिकारी म्हणून नेमणूक केली. दख्खनची लोकसंख्या, शेती, हवामान यांची माहिती जमविणे हे त्यांचे काम. त्याच फिरतीत त्यांनी पक्ष्यांचीही नोंद केली आणि १८३२ साली लंडनच्या प्राणिशास्त्रविषयक संस्थेच्या वृत्तान्तात दख्खनच्या दोनशेहून अधिक पक्ष्यांची सूची प्रसिद्ध केली. आपल्या कोरड्या माळांवर आढळणाऱ्या एका तुरेवाल्या चंडोलास आजही साइक्स यांचे नाव आहे. पुढे लंडनच्या सांख्यिकी संस्थेचे ते अध्यक्षही झाले. आकड्यांचा माणूस आणि पक्ष्यांचा माणूस एकच होता, ही गोष्ट आजच्या अधिकाऱ्यांनाही उमेद देणारी आहे. गाववार नोंदी तेव्हाही झाल्या नाहीत. परंतु दोनशे वर्षांपूर्वी दख्खनमध्ये काय होते, याचा थोडाफार अंदाज आपण करू शकतो तो या सूचीमुळेच.

डॉ. सलीम अली यांचे उदाहरण शिक्षकांनी वर्गात जरूर सांगावे. मुंबईच्या संग्रहालयातील त्यांची नोकरी पैशाअभावी संपुष्टात आली, तेव्हा ते कोकणात किहीम येथे राहावयास गेले. तेथे सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. शिडीवर बसून त्यांनी रोजच्या रोज कोणता पक्षी काय करतो याची टिपणे ठेवली, आणि १९३१ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासाने त्यांना नाव मिळवून दिले. घरटे विणतो तो नर. मादी येऊन ते पसंत करते. पसंत पडल्यावर नर दुसरे घरटे विणावयास घेतो, हे त्या टिपणांतून सिद्ध झाले. ‘सुगरण’ हे स्त्रीलिंगी नाव आपण ज्या कौशल्यासाठी दिले, ते कौशल्य नराचे आहे, हे ऐकून मुले हसतात आणि मग विसरत नाहीत.

परदेशात सामान्य नागरिकांनी केलेल्या मोजणीस सव्वाशे वर्षांची परंपरा आहे. अमेरिकेत नाताळच्या दिवशी पक्ष्यांची शिकार करण्याची चढाओढ चाले. १९०० साली फ्रँक चॅपमन यांनी शिकारीऐवजी मोजणी करावी असे सुचविले. पहिल्या वर्षी सत्तावीस माणसांनी भाग घेतला. ही मोजणी आजतागायत चालू आहे. आशियातील पाणपक्ष्यांची जानेवारीतील गणना १९८७ पासून होत आहे. भारतात ऑगस्ट २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला पक्षिस्थितीचा अहवाल सुमारे तीस हजार हौशी निरीक्षकांच्या सुमारे तीन कोटी नोंदींवर आधारलेला आहे. त्यात ९४२ जातींचा विचार केला गेला. परंतु दीर्घ काळातील चढउतार खात्रीने सांगता आला तो केवळ ३३८ जातींबाबत, आणि त्यांपैकी २०४ जाती घटलेल्या आढळल्या. उरलेल्या सहाशे जातींविषयी तसे बोलता येत नाही, कारण जुन्या नोंदी पुरेशा नाहीत. गवताळ माळांसारख्या मोकळ्या अधिवासांतील पक्ष्यांची घट या अहवालाने विशेषत्वाने दाखविली आहे. आपला चाकणचा माळ त्याच प्रकारात मोडतो.

नोंद कशी ठेवावी

यासाठी मोठे भांडवल लागत नाही. आठ पट मोठे दाखविणारी एक दुर्बीण शाळेत असावी. ती नसली तरी काम अडत नाही. खरी गरज शिस्तीची आहे. गावाच्या हद्दीत तीन-चार जागा कायमच्या ठरवाव्यात : पाणवठा, माळ, ओढा आणि गावठाण. महिन्यातून एकदा, सूर्योदयानंतरच्या दोन तासांत, प्रत्येक जागी पंधरा मिनिटे उभे राहावे. तारीख, वेळ, हवामान, निरीक्षकाचे नाव, पक्ष्याचे नाव आणि संख्या लिहावी. संख्या अंदाजाने लिहिली तर ‘सुमारे’ हा शब्द जोडावा. नाव कळले नाही तर ओळखीच्या खुणा लिहाव्यात. चुकीच्या नावापेक्षा ‘अनोळखी’ हा शब्द पुष्कळ बरा. गावातील वृद्धांकडून स्थानिक नावे मिळवावीत. दिवंगत मारुती चितमपल्ली यांचा ‘पक्षीकोश’ या कामी मोलाचा आहे.

शून्य लिहिण्यास विसरू नये, ही सूचना गुरुजींची आहे आणि ती सर्वांत महत्त्वाची आहे. एखादा पक्षी नेहमीच्या जागी दिसला नाही तर आपण त्याचे नावच वगळतो. पाच वर्षांनंतर वही पाहणाऱ्यास तो नव्हता की कोणी पाहिला नाही, हे कळत नाही. म्हणून प्रत्येक जागेसाठी पाच-सहा पक्षी आधी निश्चित करावेत आणि त्यांच्यापुढे दर महिन्यास आकडा लिहावाच, मग तो शून्य का असेना. पाणवठ्यासाठी नदी सुरय, कवड्या खंड्या, टिबुकली, हळदी-कुंकू बदक आणि शेकाट्या. माळासाठी माळटिटवी, डोंबारी, धाविक, तित्तिर आणि भोवत्या. अशी निवड आपल्या भागास सोयीची आहे.

घरट्याजवळ मुलांना नेऊ नये. ध्वनिमुद्रित शीळ वाजवून पक्ष्यांना बोलावू नये. तित्तिर, लावा, मुनिया यांच्यासाठी फासे लावलेले आढळल्यास वन विभागास कळवावे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमानुसार तो गुन्हा आहे.

वही कोठे ठेवावयाची

२००२ च्या जैविक विविधता अधिनियमानुसार प्रत्येक स्थानिक संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमावयाची आहे आणि लोकांच्या सहभागातून जैवविविधता नोंदवही तयार करावयाची आहे. महाराष्ट्र राज्य जैवविविधता मंडळ २०१२ पासून नागपूर येथून या कामात मार्गदर्शन करते. नोंदवह्या मोठ्या संख्येने तयार झाल्या, ही समाधानाची बाब होय. परंतु प्रस्तुत लेखकाने पाहिलेल्या एका माळावरील गावाच्या नोंदवहीत पक्ष्यांच्या यादीत धनेशाचे नाव होते. धनेश हा घनदाट, जुन्या वृक्षांच्या रानातील पक्षी. त्या गावी अंजन-हिरड्याचे रान तर नाहीच, वडाची झाडेही बोटांवर मोजण्याइतकी. चौकशी करता यादी घाटमाथ्यावरील दुसऱ्या गावाच्या वहीतून उतरवून घेतल्याचे कळले. ज्या डोंबाऱ्याची शीळ ग्रामपंचायत कार्यालयाच्या पायरीवर ऐकू येत होती, तो यादीत नव्हता. उद्या त्या माळावर एखादा प्रकल्प आला आणि तेथे कोणते पक्षी आहेत अशी विचारणा झाली, तर उत्तर त्याच वहीतून दिले जाईल.

शाळेची मासिक पक्षिनोंद या नोंदवहीस पुरवणी म्हणून जोडावी. त्यास वेगळा निधी वा वेगळी मान्यता लागण्याचे कारण नाही. समितीचा ठराव पुरेसा आहे. शासनाने २०२० पासून ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षिसप्ताह म्हणून साजरा करण्याचे ठरविले आहे. ५ नोव्हेंबर हा चितमपल्ली यांचा आणि १२ नोव्हेंबर हा सलीम अली यांचा जन्मदिन. या सप्ताहात व्याख्याने व चित्रस्पर्धा होतात, त्या व्हाव्यात. पण नोंदवहीचे पहिले पान त्याच आठवड्यात लिहिले जावे. धोबी सप्टेंबरातच येऊन दाखल झालेले असतात, बदके आणि वारकरी येत असतात, भोवत्या माळावर दिसू लागतात. नोव्हेंबर, डिसेंबर व जानेवारी अशा तीन महिन्यांच्या नोंदी २६ जानेवारीच्या ग्रामसभेपूर्वी हाती येतात. वृक्षारोपणाच्या जागा आणि गायरानाचा वापर यांविषयीचे ठराव बहुधा त्यानंतरच्या महिन्यांत होतात. तेव्हा वही सभेसमोर ठेवून तिच्यातील आकडे वाचून दाखविण्यास पुरेसा अवधी मिळतो.